पाईमधली नदी

विनिफ्रेडने ओव्हनमधून पाई बाहेर काढली तेव्हा पाईपेक्षा तीच जास्त तापलेली होती. ती पेनल्टी नव्हती. रोव्हर्सचा तो लंबूटांग पोरगा स्वतःच्याच पायात पाय अडकून आडवा झाला होता, आणि हे चॅपल लेनच्या मैदानावर जमलेल्या यच्चयावत माणसांना दिसलं होतं. दिसलं नव्हतं ते फक्त रेफरीला, ज्याला तेवढ्याच कामासाठी बोलावलं होतं. मैदानापासून घरापर्यंतच्या चढावर तिने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, दाराशी बुटांचा चिखल झाडताना आणखी दोन पिढ्या घेतल्या, आणि तरी तिचं समाधान झालं नाही. टाउन हरलं होतं. तेही घरच्या मैदानावर, तेही खांबचोरांकडून.

रिंडल नदीच्या अलीकडचा कुणीही माणूस पलीकडच्या रोव्हर्सवाल्यांना खांबचोरच म्हणतो, आणि विनिफ्रेडला विचाराल तर ते नाव फारच सौम्य आहे. तिच्या आजोबांच्या काळात ऑल्डरक्लफमध्ये क्लब एकच होता, चॅपलमध्ये रविवारी बायबल शिकायला येणाऱ्या पोरांनी काढलेला. मग ज्या पबवाल्याच्या कुरणात ते खेळत त्याने भाडं वाढवलं आणि कमिटीत जुंपली. पलीकडचे म्हणाले, आमच्या चामड्याच्या कारखान्यामागे जागा रिकामी पडली आहे, तिकडे चला. अलीकडचे नाही म्हणाले. पुढच्या रविवारी अलीकडची सगळी मंडळी चॅपलमध्ये डोळे मिटून प्रार्थना करत असताना पलीकडच्यांनी हातगाडी आणली आणि गोलचे चारही खांब उपटून नेले. आडव्या दांड्या तेवढ्या पुलाच्या वळणावर अडकल्या म्हणून टाकून गेले. त्या दांड्या आजोबा ओबेद शॉक्रॉस यांनी खांद्यावर घालून परत आणल्या, आणि पुढची मॅच टाउनने कपडे वाळत घालायच्या काठ्यांवर त्या बांधून खेळली. तेव्हापासून पलीकडचे टाउनवाल्यांना ‘आडवे’ म्हणतात. चोरी करून वर दात काढायचे, ह्या निर्लज्जपणाला काय म्हणावं ते विनिफ्रेडला आजवर सुचलेलं नाही.

त्यानंतर मिलमधल्या बायाबापड्यांनी पगारातून पैसे बाजूला काढून काढून ते कुरण, म्हणजे आजचं चॅपल लेनचं मैदान, विकत घेतलं, म्हणजे पुन्हा कुणी मालक त्यांना ऊठ म्हणू नये. जमिनीवर पाच विश्वस्त नेमले. त्यांतली एक खुर्ची पहिल्यापासून शॉक्रॉसांच्या घरात होती. आधी ओबेदची, मग विनिफ्रेडच्या वडिलांची, आता धाकट्या भावाची, क्लिफर्डची. विश्वस्तांनी हो म्हटल्याशिवाय तिथली गवताची काडीही कुणाला विकता येत नव्हती.

आणि नेमकं तेच आता मॉडस्लीला हवं होतं. गॉर्डन मॉडस्ली हा गालिचे विकणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी टाउनचा चेअरमन झाला, आणि ह्या वसंतात त्याने रोव्हर्सचेही निम्मे शेअर गुपचूप उचलले. दोन्ही क्लब मोडायचे, चॅपल लेनचं मैदान घरं बांधायला विकायचं, मोटरवेच्या कडेला एक नवं मैदान बांधायचं आणि त्यावर ‘रिंडल व्हॅली’ नावाचा एकच क्लब खेळवायचा, असा त्याचा बेत होता. टाउनचा रंग डाळिंबी आणि रोव्हर्सचा हिरवा. दोन्ही मिसळले तर चिखलाचा रंग होतो, हे कुणीतरी त्याला सांगितलं असावं, कारण नव्या क्लबाची जर्सी चंदेरी ठरली होती. चंदेरी रंगाची जर्सी घालून माणसं फुटबॉल खेळणार, ह्या कल्पनेनेच विनिफ्रेडचं डोकं उठत असे. पाचांतले दोन विश्वस्त मॉडस्लीच्या बाजूचे होते, दोन विरुद्ध होते. सोमवारी संध्याकाळी क्लिफर्डचं मत पडलं की निकाल लागणार होता. तो काय करणार हे विनिफ्रेडने त्याला विचारलं नव्हतं. शॉक्रॉसाला असलं विचारायचं असतं, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

पाई तिने टेबलाच्या मधोमध ठेवली. मांस-बटाट्याची, मुलामा दिलेल्या त्या मोठ्या चौकोनी भांड्यातली, शेजारी लाल कोबीचं लोणचं. बाहेरच्या माणसाला ती साधी पाई वाटली असती. पण तिच्या आत पारीची एक उभी भिंत घातलेली होती, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि वरच्या झाकणावर त्याच रेषेवर सुरीने लाटा काढलेल्या होत्या. ही नदी. नदीच्या अलीकडची पाई टाउनची, पलीकडची रोव्हर्सची. वर्षातून दोनदा, दोन्ही क्लबांची आपसातली मॅच झाली की त्या संध्याकाळी दोन्हीकडची माणसं ह्या टेबलावर बसत. अलीकडची पाई शॉक्रॉसांनी कापायची, पलीकडची क्रॅबट्रीने. पाई संपेपर्यंत मॅचबद्दल चकार शब्द काढायचा नाही. आणि जेवण झालं की हरलेल्यांनी भांडी घासायची, जिंकलेल्यांनी पाय पसरून चहा प्यायचा. हा रिवाज आईने सुरू केला होता. आई गेल्यापासून विनिफ्रेडने तो चालवला होता, आणि नदी घालताना तिचा हात आईपेक्षाही कडक चालत असे.

दारावर थाप पडली आणि लेन क्रॅबट्री आत आला, मागोमाग त्याची बायको ऑड्री. ऑड्री ही विनिफ्रेडची पाठची बहीण. पंचविसेक वर्षांपूर्वी ती पूल ओलांडून क्रॅबट्रींच्या घरात गेली होती, आणि लेन रोव्हर्सच्या कमिटीवर होता, म्हणजे खांबचोरांतला बिनीचा खांबचोर. एरवी रोव्हर्स जिंकले की तो गल्लीच्या तोंडापासून शीळ घालत येई आणि पाई संपेपर्यंत नुसता गालातल्या गालात हसत बसे, जे बोलण्यापेक्षा वाईट होतं. आज त्याने टोपी काढली, काळ्या बिअरच्या बाटल्या टेबलावर ठेवल्या आणि हवा गारठली आहे एवढंच म्हणाला. विनिफ्रेडला ते जरा खटकलं. मग तिला वाटलं, असली पेनल्टी मिळवून जिंकल्यावर चोरालाही लाज वाटत असेल.

क्लिफर्ड आणि त्याची बायको ब्रेंडा सगळ्यांत शेवटी आले. मॅच संपल्यावर क्लिफर्ड बहिणीबरोबर चढावर आला नव्हता. कुणाला तरी भेटायचंय असं काहीसं पुटपुटून मागे राहिला होता. आता तो वडिलांच्या खुर्चीत बसला, समोरची सुरी उचलली आणि बोलता बोलता पाई कापायला घेतली. पावसाळी हवेत गुडघे कसे धरतात, असं काहीतरी तो लेनला सांगत होता. सुरी अलीकडून आत शिरली, सरळ गेली, लाटांवरून गेली, आणि थांबलीच नाही. क्लिफर्डने नदी कापली. त्यातून चौकोनी तुकडा काढला, अर्धा अलीकडचा, अर्धा पलीकडचा, मधे पारीची भिंत तशीच उभी, आणि तो ऑड्रीच्या ताटात वाढला.

दोन्हीकडचा रस्सा भांड्यात हळूहळू एकमेकांत शिरत होता.

विनिफ्रेडने विचारलं, “क्लिफर्ड, हे काय केलंस?”

क्लिफर्डने खाली पाहिलं. त्याचं त्यालाच आत्ता दिसलं असावं, कारण मानेपासून वर त्याचा चेहरा लाल होत गेला. लक्ष नव्हतं, तो म्हणाला. शेवटी पाईच तर आहे, सगळं एकाच पोटात जातं.

आता इथे ब्रेंडा गप्प बसली असती तर गोष्ट कदाचित तिथेच निभावली असती. पण नवऱ्याची बाजू सावरायला जाऊन ती म्हणाली की जाऊ द्या ना, पुढच्या वर्षी कुठे नदी राहणार आहे. आणि मग तिने हात तोंडावर नेला.

विनिफ्रेड खुर्चीत बसायला वाकली होती, ती तशीच उभी राहिली. एकदम नाही, पण सरळ रांगेत तिला सगळं दिसत गेलं. मॅचनंतर मागे राहणं. चढावर न येणं. गेले दोन आठवडे रविवारी चॅपलला दांडी. शॉक्रॉसाची सुरी त्या लाटांवरून इतकी सहज गेली, ती त्याच्या डोक्यातली नदी आधीच बुजली होती म्हणून.

“तू मॉडस्लीला हो म्हणालास,” ती म्हणाली.

“अजून म्हटलं नाहीये. सोमवारी—”

“म्हणणार आहेस.”

क्लिफर्डने सुरी खाली ठेवली. मग तो बोलायला लागला, आणि एकदा लागला तसा थांबेना. विनिफ्रेडला वाटतं तसं तो काही विकला गेलेला नाही, तो म्हणाला. मॉडस्लीने त्याला बाजूला घेऊन सगळं समजावलं होतं. रोव्हर्सवाले केव्हाच तयार झाले होते. टाउन आलं नाही तर रोव्हर्स एकटेच मोटरवेवर जाणार, लीगमधली जागा, नवं मैदान, सगळं त्यांचं. आणि टाउन चॅपल लेनवर गळक्या स्टँडखाली कुजत मरणार. निदान अर्धा क्लब तरी वाचावा म्हणून तो हो म्हणणार होता. “तुला काय वाटतं, मला झोप लागते? बाबांच्या खुर्चीत बसून मी हे करतोय. पण मरण्यापेक्षा बरं ना?”

विनिफ्रेड त्याला म्हणाली की बरं अजिबात नाही. तिने त्याला बरंच काही ऐकवलं. गिरणीतल्या बायांनी चहात साखर घालणं सोडून ती जमीन घेतली, ती काय एका गालिचेवाल्याने त्यावर घरं बांधावीत म्हणून? आजोबांनी दांड्या खांद्यावर आणल्या त्या चंदेरी जर्सीसाठी? आणि खांबचोर तयार झाले म्हणून आपण तयार व्हायचं, हे कुणी शिकवलं त्याला? पलीकडचे नदीत उडी मारतील, म्हणून तूही मारशील? ती बोलत होती आणि बोलताना तिच्या लक्षात आलं की नेहमीप्रमाणे ज्याने मधे तोंड घालून ‘आडवे कुठले’ म्हणायला हवं होतं तो लेन पुतळ्यासारखा बसलाय.

“लेन,” ती त्याच्याकडे वळली, “तुम्ही कधी तयार झालात? काय मिळालं?”

लेनने बिअरचा ग्लास पुढे सरकवला. “आम्ही गुरुवारी हो म्हटलं,” तो सावकाश म्हणाला. “परवाच. मीही हात वर केला, विनी. खोटं सांगत नाही.” मग तो क्लिफर्डकडे वळला. “पण मॉडस्लीने आम्हाला सांगितलं की टाउनच्या विश्वस्तांनी सह्या केल्यात. तुझंच नाव घेतलं त्याने. म्हणाला, शॉक्रॉससुद्धा वळला, आता तुम्ही राहिलात तर एकटे पडाल. मी म्हटलं, अर्नेस्ट शॉक्रॉसचा पोरगा वळला असेल तर मग सगळंच संपलं. म्हणून हात वर केला.”

“मी सही केलेली नाही.”

“ते आत्ता कळतंय मला.”

“आणि मला तो पंधरा दिवसांपूर्वी म्हणाला की तुम्ही आधीच—”

“पंधरा दिवसांपूर्वी आम्हाला कुणी विचारलंही नव्हतं.”

दोघेही एकमेकांकडे बघत राहिले. दोघांनाही गुप्त ठेवायला सांगितलेलं, आणि दोघांनी आपापल्या बायकांपलीकडे कुणाला सांगितलेलं नव्हतं. मॉडस्लीने नदीच्या दोन्ही काठांचा हिशेब केला होता. इकडचा माणूस तिकडच्याशी बोलणार नाही, उभ्या जन्मात बोललेला नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं आणि त्या भांडणावरच त्याने आपलं सगळं मांडलं होतं. एका घरात, एका टेबलावर, एकाच भांड्यातून दोन्हीकडची माणसं जेवतात, हे एवढंच त्याला ठाऊक नव्हतं. मोठं घर आहे त्याचं, टेकडीवर. तिथे कोण कुणाची पाई खातं ते दिसत नसावं.

मग जो भडका उडाला त्यात पहिल्यांदाच विनिफ्रेड आणि लेन एका बाजूला होते. लेन मॉडस्लीबद्दल जे बोलला ते चॅपलमधल्या माणसाच्या तोंडी शोभणारं नव्हतं, आणि विनिफ्रेडने त्याला अडवलं नाही, उलट एक-दोन ठिकाणी भर घातली. आमच्यात खांबांवरून भांडण आहे, ते आमचं आहे, लेन टेबलावर बोट आपटत म्हणत होता. आम्ही ते आमच्या हाताने केलं, आमच्या हाताने चालवलं, आणि त्याचं दुकान मांडायला हा कोण? क्लिफर्ड डोकं धरून बसला होता, आणि इतका वेळ ‘मरण्यापेक्षा बरं’ म्हणणारा तोच आता मला उल्लू बनवलं, मला उल्लू बनवलं, असं पुन्हा पुन्हा म्हणत होता. ब्रेंडासुद्धा म्हणाली की तिच्या घरातला जिन्यावरचा गालिचा ती उद्याच्या उद्या उपटून मॉडस्लीच्या दारात टाकणार आहे.

“होऊ दे की एकच क्लब,” ऑड्री म्हणाली.

ती इतकी शांतपणे म्हणाली की ब्रेंडाचं गालिच्याचं वाक्य पुरं झाल्यावरच सगळ्यांना ते ऐकू आलं. ऑड्रीच्या ताटातला तो चौकोनी तुकडा तसाच होता. तिने काट्याने मधली पारीची भिंत आडवी पाडली होती, एवढंच.

लेन म्हणाला, “तुला काय बोलतेस ते कळतंय का?”

“कळतंय. खरं म्हणजे तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त.” तिने काटा खाली ठेवला. “तुम्हाला ही नदी म्हणजे मोठी गंमत वाटते. विनी तर मोजपट्टी घेऊन घालते. आईने ती कशासाठी घातली होती, आठवतंय का कुणाला?”

रिवाज म्हणून, असं विनिफ्रेड म्हणणार होती. पण तिने ते गिळलं, कारण ऑड्रीचा आवाज तिच्या ओळखीचा नव्हता.

ऑड्रीने मग सांगितलं, आणि नवं काहीच सांगितलं नाही. टेबलावरच्या प्रत्येकाला ते माहीत होतं. इतकं माहीत होतं की पंचवीस वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. लग्नाची तारीख लेनच्या आईने उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच धरली होती. नंतर मॅचचं वेळापत्रक छापून आलं, आणि त्याच शनिवारी टाउन विरुद्ध रोव्हर्स. ऑल्डरक्लफमध्ये वेळापत्रक यायच्या आधी लग्न ठरवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, असं लोक तेव्हा हसत हसत म्हणाले. ऑड्री हसली नव्हती. पण बाबा येतील अशी तिला खात्री होती.

“लेनने लग्नासाठी मॅच सोडली,” ती म्हणाली. “बाबांनी मॅचसाठी लग्न सोडलं. जॅक मामाचा हात धरून गेले मी चर्चात. आणि बाहेर आले तेव्हा पायऱ्यांवर सगळे मला फूल द्यायचं सोडून एकमेकांना विचारत होते, किती झाले.”

क्लिफर्डने मान वर केली नाही. त्या शनिवारी वडिलांबरोबर मैदानावर तो गेला होता. चौदा वर्षांचा होता.

वर्षभर बाप-लेकीत बोलणं नव्हतं. खांबचोराच्या घरात दिलेल्या मुलीबरोबर एका टेबलावर बसणार नाही, असं अर्नेस्ट शॉक्रॉस म्हणाला होता, आणि तो एकदा म्हणाला की आकाश कोसळलं तरी तेच. शेवटी आईने पाईत भिंत घातली. ती म्हणाली, बघ, तू तुझ्या भागातलं खा, ते त्यांच्या भागातलं खातील, म्हणजे एकत्र जेवलास असं होणार नाही. असली पळवाट त्याच्यासारख्यालाच पटण्यासारखी होती आणि ती पटली. तो आला, बसला, आपल्या भागातलं जेवला.

“आईने ती नदी मला घरी येता यावं म्हणून घातली,” ऑड्री म्हणाली. “आणि बाबांनी मरेपर्यंत तिच्या ह्या बाजूला कधी पाहिलं नाही. मी मीठ मागितलं तर विनीला सांगायचे, तिला मीठ दे. मी समोर बसलेली. आता तुम्ही म्हणताय की कुणीतरी ती नदी बुजवतोय म्हणून रडा. मी का रडू?”

विनिफ्रेडला उत्तर द्यायचं होतं. बाबांचा जीव होता गं तुझ्यावर, असं काहीतरी तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते मीठ खरं होतं. कित्येकदा तिनेच ते ऑड्रीकडे सरकवलं होतं आणि त्यात वावगं काही आहे असं तिला एकदाही वाटलं नव्हतं. ती खुर्चीवर बसली.

मग क्लिफर्ड तिच्याकडे वळून म्हणाला, “ऑड्री, तूच सांग. सोमवारी काय करू? तू म्हणशील ते करतो. तुझा हक्क आहे.”

ओबेदपासून चालत आलेली ती खुर्ची, गिरणीतल्या बायांचं कुरण, सगळं आता ज्या एका बाईच्या जिभेवर होतं तिला ह्या सगळ्याने आयुष्यभर पोळलं होतं. आणि ऑड्री हो म्हणाली असती तर तिला चूक म्हणायला विनिफ्रेडकडे तोंड नव्हतं. लेनने बायकोकडे पाहिलं आणि तोही काही बोलला नाही. तेवढं शहाणपण त्याच्यात होतं.

ऑड्री त्या आडव्या पडलेल्या पारीकडे बघत होती.

“बाबा त्या दिवशी चॅपल लेनला गेले,” ती अखेर म्हणाली. “मला चर्चात सोडून गेले. का, तर म्हणे ही गोष्ट माझ्या लग्नापेक्षा मोठी होती. ठीक आहे. मी पंचवीस वर्षं ते धरून चालले. आणि आता एक गालिचेवाला येऊन सांगणार की नाही, ती काही एवढी मोठी गोष्ट नव्हती, ती पुसता येते, वर चंदेरी रंग देता येतो?” तिचा आवाज चढला; इतक्या वर्षांत ह्या टेबलावर तो पहिल्यांदा चढला. “मग बाबा त्या दिवशी कशासाठी गेले होते? त्याने ते पुसलं तर माझा बाप माझ्या लग्नाला आला नाही तो कशासाठी, ते मला कोण सांगणार? मॉडस्ली?”

तिने ताट दूर सारलं.

“नाही म्हण त्याला,” ती क्लिफर्डला म्हणाली. “तोंडावर म्हण. आणि लेन, तू उद्या चॅपल सुटल्यावर तुमच्या कमिटीला गाठ आणि सांग की शॉक्रॉसने सही केलेली नाही. मॉडस्लीने माझ्याकडून फुकटात काही न्यायचं नाही.”

क्लिफर्डने मान हलवली. “नाही म्हणतो,” तो म्हणाला, आणि मग कुणी विचारलं नसताना पुन्हा म्हणाला, “नाहीच म्हणतो.” लेनने टेबलावरून हात पुढे केला. पाईच्या भांड्यावरून, जिथे आता नदीला खिंडार पडलं होतं, दोघांनी हात मिळवले. मग ते कसं करायचं त्याच्या बोलण्यात गुंतले. रोव्हर्सच्या कमिटीतल्या कुणाला आधी गाठायचं, उरलेल्या विश्वस्तांना कोण भेटणार, मॉडस्लीने दोन्हीकडे काय काय सांगितलं ते दोघांनी एकत्र उभं राहून लोकांपुढे कसं मांडायचं. राग अजून उतरला नव्हता, पण आता त्याला कामाला लावायला जागा मिळाली होती. पाई सगळ्यांनी खाल्ली, गार झालेली, कोण कुठल्या भागातली खातंय हे न बघता. मॅचचा विषय मात्र कुणी काढला नाही. रिवाज तो रिवाज.

भांडं रिकामं झाल्यावर विनिफ्रेड उठली. टाउन हरलं होतं. भांडी तिच्या वाटणीची होती. पण ती स्वयंपाकघरात गेली तर नळ आधीच चालू होता. ऑड्रीने बाह्या कोपरापर्यंत वर सरकवल्या होत्या आणि ती ते मोठं चौकोनी भांडं घासत होती, कडेला चिकटलेली पारी नखाने खरवडून.

लेन दारात आला. बायकोला तिथे बघून तो हसला, त्या संध्याकाळी पहिल्यांदाच. “ऑड्री, तू कशाला घासतेस? ये इकडे, चहा घे. आपण जिंकलोय.”

“तू जिंकलास, लेन,” ऑड्री मागे न वळता म्हणाली.

लेनच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं आणि मग हळूहळू विरलं. इतकी वर्षं ती त्याच्याशेजारी उभी राहिली होती, रोव्हर्सच्या गर्दीत, त्याच्या आईने विणलेला हिरवा मफलर गळ्यात घालून. तिने कधी आरडाओरडा केला नव्हता, आणि त्याला वाटायचं की ती स्वभावानेच शांत आहे. ती कुणाची, असं त्याने तिला कधी विचारलं नव्हतं. विनिफ्रेडनेही विचारलं नव्हतं. तिनेही मनातल्या मनात तिला पुलापलीकडे टाकून दिलं होतं, वडिलांनी टाकलं तसंच, फक्त मीठ देत देत.

विनिफ्रेडने खुंटीवरचं फडकं काढलं आणि बहिणीशेजारी उभी राहिली. ऑड्रीने धुतलेलं भांडं तिच्या हातात दिलं.

“पेनल्टी नव्हती ती,” ऑड्री म्हणाली. “मी अगदी समोर उभी होते.”